काचेच्या टाकीला पाडलेली दोन भोकं

माशांच्या टाकीला मी घरीच भोकं पाडणार आहे, असं सांगितलं तेव्हा आत्याबाई हातातलं निवडणं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "चांगल्या टाकीला भोक? आन् गळायली तर?" माझ्या सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याच भीतीनं मी स्वतः दीड वर्ष अडून बसले होते.

आमची टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. त्यात मलावी सरोवरातले सिक्लिड. हे मासे मी रंगांसाठी निवडले नाहीत, आमच्या बोअरच्या पाण्यासाठी निवडले. लातूरकडचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीला पांढरा थर धरतो. आफ्रिकेतल्या त्या सरोवराचं पाणीही अल्कधर्मी, आणि हे मासे जड पाण्यात चांगले राहतात. दुसऱ्यांना पाणी मऊ करायला खटपट करावी लागते, इथं या माशांना नळाखालचं पाणी मानवतं. लपायला त्यांना दगड लागतात, तर काळा पाषाण आपल्याकडे पायलीला पन्नास. तो पाण्यात काही सोडत नाही. अडचण एकच. हे मासे भांडकुदळ. थोडे ठेवले तर एकाला धरून मारतात, म्हणून गर्दीनं ठेवावे लागतात आणि गर्दी आली की घाण आली. वर टांगलेला फिल्टर कमी पडायला लागला. खाली संप करायचा, म्हणजे टेबलाखाली दुसरी टाकी ठेवून तिच्यात पाणी गाळायचं आणि पंपानं परत वर चढवायचं, हे ठरलं.

वरचं पाणी खाली आणायचे रस्ते दोन. एक, काठावर अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स. तो सायफनवर चालतो, म्हणजे पाण्यानं भरलेल्या वाकड्या नळीतून पाणी आपोआप काठ ओलांडून खाली ओढलं जातं, भोक पाडावं लागत नाही. दुसरा, काचेला भोक पाडून नळी काढायची. जिथं चोवीस तास लाईट असते तिथं पहिला रस्ता चालून जात असेल. आमच्याकडे लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. लाईट गेली की पंप थांबतो. सायफनमध्ये हवा शिरली, तर लाईट आल्यावर पंप खालचं पाणी वर ढकलत राहतो आणि ते खाली यायला वाटच नसते. मग सगळं फरशीवर. भोकातून येणारं पाणी मात्र उतारानं येतं. त्याला पुन्हा सुरू करावं लागत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी भोकाच्या बाजूनं आले.

पाणी फरशीवर सांडणं आम्हाला नुसतं पुसण्याचं काम वाटत नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात मी तेव्हाची छोटी टाकी रिकामी केली, मासे एका मैत्रिणीला दिले आणि टाकी माळ्यावर पालथी घातली. पुढं पुन्हा टाकी मांडली तेव्हा ठरवूनच टाकलं की माशांचं पाणी मोरीत जाणार नाही. दर आठवड्याला साठेक लिटर पाणी बदलायचं असतं, ते शेवग्याला, कढीपत्त्याला आणि वरच्या कुंड्यांना. माशांच्या पाण्यावर झाडं काय तजेलदार येतात ते बघायलाच पाहिजे. संप झाला की त्याला एक कॉक लावून पाईप थेट परसात नेता येणार होता. बादल्या वाहून माझे खांदे भरून येत होते, तेही थांबणार होतं.

आता भीतीचं खरं कारण सांगते. याच्या आधीची टाकी मी एका काचेच्या दुकानात भोकासाठी दिली होती. तिथल्या माणसानं ड्रिलला भाल्याच्या टोकासारखं बिट लावलं, वरून रॉकेलचे थेंब टाकत राहिला आणि अंगाचा भार देऊन दाबायला लागला. भोक काठापासून जेमतेम दोन बोटांवर घेतलं होतं. अर्ध्यात आल्यावर 'टक्' असा आवाज झाला आणि एक तडा भोकापासून कोपऱ्यापर्यंत सरळ गेला. "काचंचं असंच असतंय बाई," एवढंच उत्तर मिळालं. पैसे गेल्यापेक्षा ते 'असंच असतंय' मला जास्त लागलं. काच उगाच फुटत नाही. ती का फुटली ते समजून घ्यायचं आणि मगच हात लावायचा, असं मी तेव्हा मनाशी घेतलं.

समजून घेतल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की काचेला भोक 'पाडत' नाहीत, काच घासून काढतात. त्यासाठी डायमंड कोअर बिट येतं. पोकळ नळीसारखं असतं आणि काठावर हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. त्याला दात नसतात. ते काचेत गोल चर घासत जातं आणि मधली चकती अख्खी सुटून येते. घासलं की उष्णता होते. एका ठिकाणची काच तापून फुगली आणि शेजारची गार राहिली की तडा जातो. म्हणून पाणी. रॉकेल माशांच्या टाकीजवळ आणूच नये, साधं पाणी पुरतं, फक्त ते एक क्षणही हटता कामा नये.

दुसरी गोष्ट टफन काचेची. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटक्यात गार केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. तिला मागाहून भोक घ्यायला गेलं की चर त्या ताणापर्यंत पोचतो आणि सगळी काच एकदम दाणे दाणे होऊन खाली बसते. टफन काचेला भोक हवं असेल तर ते भट्टीत जाण्याआधीच. कितीही सावकाश चाला, नंतर जमत नाही. गावातल्या कारागिरानं सिलिकॉननं जोडलेली टाकी बहुतेक साध्या काचेची असते, पण तयार आलेल्या टाक्यांचा तळ टफन असू शकतो. मी तपासलं ते असं. टाकीच्या काचेमागे लॅपटॉप ठेवला, पडदा पूर्ण पांढरा केला, दिवे मालवले आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून तो हळूहळू फिरवला. टफन काच असली की पडदा काळा होतो त्या कोनात काचेवर ढगाळ पट्टे, डाग, कधी इंद्रधनुषी छटा दिसतात. माझ्या मोटारीच्या मागच्या काचेवर ते ठिपके स्वच्छ दिसले. टाकीच्या पाचही काचांवर काही दिसलं नाही. तरी मी तळाच्या वाटेला गेले नाही. मागच्या उभ्या काचेतच भोकं घ्यायची ठरवली.

मापाचं काम घाईनं करू नये. मी नळसामानाच्या दुकानातून एक इंची टँक निपल, म्हणजे टाकीच्या भोकात बसवायचे आट्यांचे जोड, आधी आणले, बिट नंतर मागवलं. दुकानदार एक इंच म्हणतो तो आतल्या नळीचा आकार. भोकातून जाणार असतात ते बाहेरचे आटे. व्हर्नियर लावला तेव्हा आट्यांची बाहेरची जाडी ३३ मिलिमीटरच्या किंचित वर भरली. म्हणून बिट ३५ मिलिमीटरचं. निपल भोकात सैलसर गेला पाहिजे, घट्ट बसवायला गेलं तर काचेवर ताण येतो. आणि निपलची चकती आणि वायसर भोकाच्या चारी बाजूंनी बोटभर तरी काचेवर टेकले पाहिजेत.

जागा ठरवताना मागच्या टाकीचा तडा डोळ्यांसमोर होताच. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतकी जागा सोडायची, दोन भोकांमध्येही तेवढीच. मी त्याहून जास्त सोडली. दोन्ही भोकांचे मध्य वरच्या काठापासून ११० मिलिमीटर खाली आणि एकमेकांपासून १०० मिलिमीटर. दोन भोकं कशाला, तर एक रोजचं आणि दुसरं अडीअडचणीचं. पाणी कुठवर राहील ते आतून लावलेला एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, ठरवतो. अडचणीच्या एल्बोचं तोंड रोजच्यापेक्षा एक इंच वर ठेवायचं. पहिल्यात शेवाळ किंवा मेलेला मासा अडकला तर पाणी दुसरीकडून उतरेल, काठावरून जाणार नाही. वर चढणारी नळी काठावरूनच आत घेतली, तिच्यासाठी तिसरं भोक घेतलं नाही.

शेजारच्या सुतार मिस्त्रीमामांकडे बॅटरीचं ड्रिल आहे, ते मागितलं. वायरीचं ड्रिल आणि वाहतं पाणी एका जागी आणायची माझी तयारी नव्हती. शिवाय बॅटरीच्या ड्रिलला पहिला गिअर असतो. त्यात ते मिनिटाला चारशे-पाचशे फेऱ्यांच्या वर जात नाही, आणि ३५च्या बिटाला तेवढाच वेग हवा. दगडाचं हॅमर बटण बंद आहे ना, ते मी तीनदा पाहिलं. मामा ड्रिल घेऊन स्वतःच आले. काम कळल्यावर एकच बोलले, "ताई, जोर लावायचा न्हाई. बिटाला खाऊ द्यायचं. ते खातंय का तेवढं बगायचं."

आधी सरावाचे तुकडे. काचवाल्याकडून ८ मिलिमीटरचे तीन उरलेले तुकडे आणले होते, टाकीची काचही तेवढीच जाड आहे. पहिला तुकडा वाया गेला. चर छान चालला होता, पण शेवटी बिट पार निघताना माझा हात होता तसाच राहिला आणि खालच्या बाजूनं नखाएवढा शिंपल्यासारखा टवका उडाला. दुसऱ्याला तडाच गेला. वाटीतलं पाणी संपलं होतं आणि 'एवढं होऊ दे, मग घालते' म्हणून मी दहा-पंधरा सेकंद तशीच चालवली. आवाज बदलला होता, ओलसर खरखरीऐवजी कोरडा चिरका झाला होता, तो मला ऐकू आला होता, तरी मी थांबले नाही. तिसऱ्या तुकड्याला खालून टेपचे चार थर दिले, लेकाला पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभं केलं आणि शेवटच्या मिलिमीटरला नुसतं ड्रिलचं वजन राहू दिलं, तेही अर्धं हातानं उचलून धरलेलं. चकती टेपवर अलगद बसली. भोकाची कड बोटाला फक्त खरबरीत लागत होती.

खऱ्या कामाला पुढचा रविवार. टाकी रिकामी, कोरडी. जमिनीवर आत्याबाईंची जुनी जाड वाकळ घातली आणि टाकी पुढच्या काचेवर आडवी निजवली, म्हणजे मागची काच वर आली. टाकीच्या आत, भोकाच्या बरोबर खाली, दुसरी वाकळ घडी करून ठेवली. हे विसरण्यासारखं नाही. चकती सुटून पडली तर ती दीड फुटावरून पुढच्या काचेवर पडते, आणि ती काच आपली रोज बघायची. आतल्या बाजूनं टेपचे थर लावले. वरून १२ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा दुतर्फी टेपनं चिकटवला, त्याला त्याच बिटानं भोक पाडून घेतलं होतं. या बिटाला मध्ये टोक नसतं, सुरुवातीला ते गुळगुळीत काचेवर सरकतं आणि ओरखडे काढतं. प्लायवूड त्याला जागेवर धरतं.

पाणी धरून ठेवायला भोवती बांध हवा. मी ज्वारीचं पीठ भिजवायला घेतलं, घरात तेच भरपूर. आत्याबाई दारात उभ्या होत्या. इतका वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या. "त्याला चिरा पडतेत. त्याला चिकटा आसतोय का? गव्हाचं घे." मग स्वतःच परात घेऊन बसल्या आणि घट्ट कणीक मळून दिली. भाकरी थापताना ज्वारीच्या कडा कशा फुटतात हे मी रोज बघते, पण तेव्हा सुचलं नव्हतं. कणकेची मनगटाएवढी वळी करून प्लायवूडभोवती गोल दाबली आणि पाणी ओतलं. थेंबही बाहेर आला नाही. तेलकट पुट्टीपेक्षा हे बरं, काचेवर तेल राहत नाही आणि काम झालं की ओल्या फडक्यानं निघतं.

डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. काचेची पूड ओली असते तोवर उडत नाही, पण सुकली की ती छातीत जाते. लेकाच्या हातात बाटली.

बिट सरळ धरून ट्रिगर हळूच दाबला. पहिलं मिनिट काहीच होत नाही असं वाटतं. मग पाण्यात दुधाचा थेंब सोडावा तसा पांढरा धूर कडेनं फिरायला लागतो. ती काच. पाणी ताकासारखं झालं की बिट खातंय असं समजायचं. अर्ध्या मिनिटानं बिट उचलायचं, चरात ताजं पाणी शिरू द्यायचं, पुन्हा टेकवायचं. मिलिमीटरभर चर झाल्यावर प्लायवूड काढून टाकलं आणि कणीक पुन्हा नीट दाबली. यापुढे चरच बिटाला धरून ठेवतो. मध्ये एकदा आवाज किंचित वर चढला. या वेळी मी तिथंच थांबले. बिटाच्या पोकळीत पांढरा चिखल घट्ट बसला होता. तो धुतला आणि आवाज परत खाली आला. खरं तर सगळं काम कानानं चालतं. खोल, ओली, एकसारखी खरखर येत असेल तोवर चालू द्यायचं, ती पातळ व्हायला लागली की हात काढायचा.

दहा मिनिटं होत आली तेव्हा चरातून बघितलं, तर खालचा टेप पाण्यातून तपकिरी दिसायला लागला होता. म्हणजे आता काचेचा पापुद्रा उरला. वेग आणखी कमी केला, ड्रिल जवळजवळ उचलून धरलं. एकदा बारीक 'कट्' झालं. माझ्या पोटात खड्डा पडला, पण तो चकती सुटल्याचा आवाज होता. बांधातलं पांढरं पाणी टेपवर थांबलं, कडेनं थोडं झिरपलं. मामा वाकून बघत होते. "उतरलं बगा," म्हणाले आणि दुसरं भोकही मीच घ्यावं म्हणून मागे सरकले. दुसऱ्याला वेळ थोडा जास्त लागला. सरावाचे तुकडे आणि पहिलं भोक झाल्यावर बिट जरा मंदावलं होतं, म्हणून दाब वाढवण्यापेक्षा वेळ दिला.

कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाणी लावून हातानं घासल्या. आतल्या कडेला मोहरीएवढे दोन टवके निघाले होते, वायसरच्या आतच येत होते. पांढरं पाणी मोरीत सोडलं नाही, झाडांनाही घातलं नाही. कागदानं टिपून पिशवीत बांधून कचऱ्यात दिलं.

निपल बसवताना रबरी वायसर आतल्या चकतीच्या बाजूला, बाहेरून नट. हातानं घट्ट होईल तेवढा फिरवायचा आणि वर पाव फेरा. पान्यानं करकचून आवळला की वायसर वाकडा होतो, नाहीतर भोकापाशी काचच जाते. रबराला सिलिकॉन लावू नये, त्यानं वायसर घसरतो. टाकी परसातच उभी केली, खाली वर्तमानपत्र पसरलं, भोकांच्या वर येईल इतकं पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं.

सकाळी एका भोकाखाली रुपयाएवढा ओला डाग. आत्याबाईंनीच आधी पाहिला. "गळायलंय ग." मी नट खोलला. वायसरखाली काचेवर टेपच्या डिंकाची एक पातळ रेघ राहिली होती, बोटाला लागली म्हणून कळली, डोळ्यांना दिसत नव्हती. स्पिरिटनं पुसून पुन्हा बसवला. पुढचे दोन दिवस कागद कोरडा होता.

मग टाकी जागेवर गेली, संप जोडला, पाणी सोडलं. राहिली होती ती लाईट जाण्याची परीक्षा. हिशेब मांडून ठेवला होता. आमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साधारण १४ लिटर. पंप थांबला की एल्बोच्या तोंडापर्यंतचं पाणी आणि नळ्यांमधलं पाणी मिळून वीसेक लिटर खाली येणार. त्यासाठी संप अर्धाच भरायचा. वर जाणाऱ्या नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, तिथून उलटा सायफन लागून आणखी पाणी उतरू शकतं. म्हणून त्या नळीला पाण्याच्या पातळीखाली अगदी लागून ३ मिलिमीटरचं छिद्र घेतलं. पातळी तेवढी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे छिद्र शेवाळानं बुजतं, दर पंधरा दिवसांनी काडी घालून साफ करावं लागतं.

मी स्वतः बटण बंद करून बघणारच होते, पण त्याआधी दुपारी अडीचला लाईट गेली. घरातले पंखे थांबले आणि त्या शांततेत नळ्यांमधून पाणी उतरायचा आवाज यायला लागला. आधी धो धो, मग गुळगुळ. आत्याबाई पलंगावरून उठून टेबलाखाली वाकल्या. संपावर मी पेनानं रेघ मारली होती. पाणी चढत चढत रेघेच्या दोन बोटं खाली आलं, छिद्रातून हवा ओढल्याचा फुर्र आवाज झाला आणि थांबलं. वर मासे त्यांच्या काळ्या दगडांत तसेच फिरत होते. सव्वातीनला लाईट आली, पंप घुमला, पाणी वर चढलं, एल्बोच्या तोंडाशी आलं आणि खाली उतरायला लागलं. आत्याबाईंनी फरशीवर हात फिरवून बघितला. कोरडी होती.